वजन उतरल्यावर सीपॅपची तक्रार पुन्हा पुन्हा का उद्भवते?

सव्वा वर्षात माझे वजन १०६ किलोवरून ८६ किलोवर आले आणि नेमक्या त्याच काळात, २०१९ पासून विनातक्रार चाललेले, झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून हवा देणारे माझे सीपॅप यंत्र चार वेळा ‘बिघडले’. ते बंद पडले नाही, पण पहाटे तीनच्या सुमारास मास्कच्या वरच्या कडेतून डाव्या डोळ्यावर हवेचा झोत येऊ लागे, सकाळी पोट टम्म फुगलेले असे आणि दुपारी कार्यालयात डोळे मिटू लागत. काही उपाय केला की तीन-चार आठवडे बरे जात आणि मग तेच पुन्हा सुरू होई. यंत्र विकणाऱ्याने पहिल्या वेळी नवा मास्क दिला, दुसऱ्या वेळी नळी बदलली आणि तिसऱ्या वेळी यंत्रच बदलून टाका असे सुचवले. यंत्र मात्र ठणठणीत होते.

उलगडा झाला तो वहीमुळे. दर रविवारी सकाळी वजन लिहून ठेवण्याची सवय होती आणि त्याच पानावर झोपेच्या तक्रारीही टिपलेल्या होत्या. चौथ्या खेपेस ती पाने शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा तक्रार सुरू झाल्याच्या तारखांना वजने होती ९९, ९५, ९१ आणि ८७. दर चार किलोंमागे मास्क आणि दाब यांचा मेळ सुटत होता, मी तो कसाबसा जुळवत होतो, आणि वजन पुढे उतरतच असल्यामुळे तो पुन्हा सुटत होता. स्लीप ॲप्नियाचे, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडण्याच्या आजाराचे, उपचार चालू असताना वजन उतरवणाऱ्या कोणालाही ही साखळी भेटण्याची शक्यता आहे. म्हणून कोणती तक्रार कशामुळे होते आणि कोणती गोष्ट आधी तपासावी, हे सविस्तर लिहीत आहे.

प्रथम थोडे कारण. सीपॅपची कल्पना कॉलिन सलिव्हन यांनी सिडनीत १९८१ मध्ये मांडली, आणि ती मुळात एका टेकूची कल्पना आहे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे येते आणि श्वासमार्ग मिटतो. नाकातून सतत ढकललेली हवा तो मार्ग आतून तोलून धरते. टेकू किती भक्कम लागेल हे वरच्या ओझ्यावर ठरते. मानेभोवतीची, घशाच्या भिंतींतली आणि विशेषतः जिभेतली चरबी हे ते ओझे होय. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये एमआरआयच्या आधारे दाखवले की वजन घटल्यावर श्वासरोधात जी सुधारणा होते, तिच्यात जिभेतील चरबी कमी होण्याचा वाटा सर्वांत मोठा असतो. म्हणजे वीस किलो उतरल्यावर मला लागणारा टेकू हलका झाला होता. यंत्र मात्र २०१९ मधल्या जिभेच्या हिशेबाने ११ सेंटिमीटर पाण्याइतका दाब रात्रभर देत होते.

मास्कची गळती: पट्टे आवळण्यापूर्वी

वजन उतरताना चेहरा लवकर बदलतो. गाल बसतात, कानशिलांजवळ खळगा पडतो आणि नाकाच्या बाजूचा उंचवटा कमी होतो. मास्कची सिलिकॉनची गादी पूर्वीच्या भरीव गालांवर टेकत असे. आता तिच्याखाली पोकळी राहते. अशा वेळी हात आपोआप पट्ट्यांकडे जातो. मीही तेच केले. सुरुवातीला पट्ट्यांवर वेल्क्रोच्या जागी पेनाने खूण केली होती. चौथ्या खेपेपर्यंत वेल्क्रो त्या खुणेच्या दोन बोटे पुढे गेले होते, नाकाच्या हाडावर लाल वळ उठला होता, आणि तरीही हवा सुटत होती. एका रात्री पत्नीने टॉर्च लावून पाहिले आणि म्हणाली, “अहो, शिट्टी वरून वाजतेय, आणि तुम्ही खालचे पट्टे ओढताय.”

त्या गादीची कड पातळ आणि दुहेरी असते आणि ती हवेने फुगून चेहऱ्यावर अलगद बसावी अशी घडवलेली असते. पट्टे फार आवळले की ती चपटी होते, तिला सुरकुती पडते आणि त्या सुरकुतीतून हवा निघते. म्हणून आवळल्याने गळती वाढणे ही विसंगती नव्हे, तोच नियम आहे. बसवण्याची रीत अशी: बसून नव्हे, तर आपण झोपतो त्या स्थितीत आडवे व्हावे, यंत्र चालू करून दाब नेहमीच्या पातळीला येऊ द्यावा, कारण सुरुवातीच्या मंद दाबावर कोणताही मास्क बरोबर बसल्यासारखा वाटतो, चारही पट्टे सैल करावेत, मास्क चेहऱ्यापासून किंचित पुढे ओढून सोडावा म्हणजे कड फुगून पसरते, मग आधी खालचे दोन आणि नंतर वरचे दोन पट्टे, दोन्ही बाजूंनी सारखे, गळती थांबेल इतपतच ओढावेत. त्यानंतर दोन्ही कुशींवर वळून पाहावे. एवढे करूनही हवा निघत असेल, किंवा वेल्क्रोला पकडायला जागाच उरली नसेल, तर पट्ट्यांचा प्रश्न संपला आणि मापाचा सुरू झाला.

माझ्या मास्कची गादी मध्यम मापाची होती. उत्पादकाकडून मिळणारी कागदी मापपट्टी नाकाला लावून पाहिली, तेव्हा आता मला लहान माप लागत होते. पहिल्या तक्रारीच्या वेळी मला जो ‘नवा मास्क’ दिला गेला, तो जुन्याच मापाचा होता, आणि नव्या कोऱ्या सिलिकॉनच्या ताठपणामुळे तो महिनाभर निभावून गेला इतकेच. बहुतेक मास्कना केवळ गादी वेगळी मिळते. संपूर्ण संच घेण्याआधी तेवढी विचारावी, खर्चात पुष्कळ फरक पडतो.

गळतीचा आकडा यंत्राच्या पडद्यावर दिसतो, परंतु तो सर्व यंत्रांत एकाच अर्थाचा नसतो. रेसमेडच्या यंत्रांत मास्कच्या छिद्रांतून मुद्दाम बाहेर जाणारी हवा वजा करून आकडा दाखवतात आणि मिनिटाला २४ लिटरच्या पुढची गळती मोठी समजतात. फिलिप्सच्या यंत्रांत ती छिद्रांची हवा धरून एकूण आकडा असतो. त्यामुळे मित्राच्या यंत्रावरचा आकडा पाहून आपली चिंता वाढवू किंवा कमी करू नये. जाता जाता: पावसाळ्यात नळीत पाणी साचून जो गुडगुड आवाज येतो तो गळतीचा नव्हे, हवा दमट करणाऱ्या ह्युमिडिफायरची पातळी एका अंकाने उतरवावी किंवा नळी पांघरुणाखालून घ्यावी, म्हणजे तो थांबतो.

दाब जास्त झाल्याची लक्षणे

मास्क जुळल्यावरही सकाळचे पोट फुगणे राहिले, तेव्हा दाबाकडे पाहणे भाग पडले. दाब गरजेपेक्षा जास्त असेल तर हवा श्वासनलिकेबरोबर अन्ननलिकेतही शिरते. उठल्याबरोबर पोट ताठ लागते, पाठोपाठ ढेकरा येतात, वारा सरतो आणि न्याहारीच्या वेळेपर्यंत सारे हलके होते. ही वेळ महत्त्वाची आहे. वजनासाठी हल्ली जी साप्ताहिक इंजेक्शने घेतली जातात, त्यांनी जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतो आणि त्यानेही पोट जड राहते. पण ते जडपण जेवणाशी बांधलेले असते आणि सकाळच्या तासाभरात ओसरत नाही. दोन्ही एकत्र असू शकतात, म्हणून आठवडाभर वेळा लिहून काढाव्यात आणि मगच दोष कोणाला द्यायचा ते ठरवावे.

जास्त दाबाची आणखी काही चिन्हे आहेत. नाकाचा मास्क वापरणाऱ्याचे तोंड दाबाने उघडते आणि सकाळी जीभ कोरडी पडते. श्वास बाहेर सोडताना वाऱ्याविरुद्ध जोर लावल्यासारखे वाटते. कधी कधी, श्वासमार्ग उघडा असूनही मेंदूकडूनच श्वासाची आज्ञा न आल्यामुळे पडणारे खंड, म्हणजे सेंट्रल ॲप्निया, वाढतात. पुष्कळ यंत्रे ते निराळे मोजून दाखवतात. असे खंड हृदयविकारात किंवा काही वेदनाशामक औषधांनीही पडतात, तेव्हा त्या आकड्याचा अर्थ घरी लावत बसू नये, तो डॉक्टरांना दाखवावा.

येथे एक समज दूर केला पाहिजे, कारण तो मला दहा जणांनी ऐकवला: “तुमचे यंत्र ऑटो आहे ना, मग दाब आपोआप कमी होईल.” दोन कारणांनी हे बरोबर नाही. एक तर ऑटोची सोय असलेली यंत्रेही अनेकदा स्थिर दाबावर लावलेली असतात. माझे तसेच होते. दुसरे, ऑटो यंत्र आखून दिलेल्या किमान आणि कमाल दाबांच्या मध्येच फिरते. वजन जास्त असताना किमान दाब १० ठेवला असेल, तर आता ७ पुरेसा असला तरी यंत्र १० च्या खाली उतरणार नाही. याची खूण अहवालात सापडते. रात्रीच्या ९५ टक्के वेळात दाब ज्या पातळीच्या आत राहिला ती पातळी, म्हणजे ९५ टक्क्यांचा दाब, काही ठिकाणी ९० टक्क्यांचा, हा जर आठवडेच्या आठवडे किमान दाबालाच चिकटून असेल, तर तो किमान दाब जास्त असण्याचा संभव आहे. स्थिर दाबाच्या यंत्रात एवढीही खूण मिळत नाही. शिवाय मोठी गळती चालू असेल तर ऑटो यंत्राचा अंदाजच चुकतो आणि दाब विनाकारण चढू शकतो. म्हणून क्रम नेहमी आधी गळती, मग दाब असाच ठेवावा. मी मात्र हा क्रम उलटा धरला आणि दोन महिने वाया घालवले.

डॉक्टरांसाठीची सेटिंग्ज कोणती बटणे दाबून उघडतात, हे आता कोणालाही सापडते. ती उघडून दाब स्वतः बदलावा का? माझे मत स्पष्टपणे नाही असे आहे, आणि ते शहाणपणातून नव्हे तर अनुभवातून आले आहे. ९१ किलोच्या सुमारास मी दाब ११ वरून थेट ६ वर आणला. पोटाची तक्रार दुसऱ्याच दिवशी गेली आणि मी खूश झालो. पण यंत्राचा एएचआय, म्हणजे तासाभरात श्वास अडखळण्याची संख्या, २ वरून १४ वर गेली आणि पाचव्या दिवसापासून सकाळी डोके दुखू लागले. जो टेकू हलका करायचा तो मी जवळजवळ काढूनच घेतला होता.

पडद्यावरचा २ हा आकडा काय सांगतो

सर्वांत मोठी चूक मात्र याहून वेगळी आहे. एएचआय ५ च्या आत असेल तर सामान्य, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर तीव्र अशी वर्गवारी आहे. यंत्रावर रोज २ दिसत असतो, वजन उतरलेले असते, पत्नीही म्हणते की घोरणे कमी झाले. यावरून आजार गेला असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. पण तो २ हा आकडा उपचार चालू असतानाचा आहे. चष्मा लावून अक्षरे स्वच्छ दिसली म्हणून नंबर गेला असे आपण म्हणत नाही.

वजन आणि एएचआय यांच्या नात्यावरचा एक जुना, पण आजही वारंवार उद्धृत केला जाणारा अभ्यास अमेरिकेतील विस्कॉन्सिनचा, २००० सालचा आहे. वजन १० टक्क्यांनी उतरले की एएचआय सरासरी २६ टक्क्यांनी घटतो, असे त्यात आढळले. हा हिशेब स्वतःला लावून पाहावा. माझा मूळ एएचआय ४२ होता. १०६ किलोंचे ९५ झाले तेव्हा सरासरीने तो ३१ वर यायला हवा, आणि ३१ हा अजूनही तीव्र गटातच मोडतो. दहा-अकरा किलो उतरवणे ही केवढी मेहनत असते हे ज्याने केले त्यालाच ठाऊक. तरीही त्या टप्प्यावर यंत्र सोडून देणे अंगाशी आले असते. वजन उतरवणाऱ्या टिर्झेपॅटाइड या औषधाला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये, लठ्ठपणासह असलेल्या मध्यम ते तीव्र स्लीप ॲप्नियासाठी मान्यता मिळाली, आणि मार्च २०२५ पासून ते भारतात मधुमेह व वजनासाठी उपलब्ध झाले. त्याच्या चाचण्यांत एएचआय सरासरी तासाला सुमारे ५० वरून २५ ते २९ ने कमी झाला. हा परिणाम मोठाच आहे. पण वजाबाकी केली तर उरणारा सरासरी आकडा वीसच्या पुढचा असतो, हे जाहिरातवजा गप्पांत कोणी सांगत नाही.

त्यातही आपल्याकडे एक भर आहे. ज्यांचा खालचा जबडा लहान किंवा मागे सरकलेला असतो, त्यांना फार वजन नसतानाही हा आजार होतो, आणि असे कितीतरी जण आपल्या आसपास आहेत. चरबी उतरते, जबडा आहे तिथेच राहतो.

गणपतीत कोकणात गावी जाताना मी यंत्र मुद्दामच घरी ठेवले. पहिल्या दोन रात्री छान झोप लागली, सकाळी ताजेतवाने वाटले, आणि मी सर्वांना ऐटीत सांगितले की सहा वर्षांची कटकट संपली. सहाव्या दिवशी आरतीच्या वेळी उभ्याउभ्या डुलकी आली आणि परतीच्या प्रवासात गाडी मुलाकडे द्यावी लागली. उपचार थांबवल्यावर श्वासरोध काही रात्रींतच परततो, दिवसाची झोप मात्र हळूहळू साठत जाते. त्यामुळे पहिल्या एक-दोन रात्रींवरून परीक्षा घेणे म्हणजे स्वतःची फसवणूक होय. ज्यांचा दिवस वाहन चालवण्यात जातो, त्यांनी हा प्रयोग अजिबात करू नये.

चाचणी पुन्हा करताना

शरीराच्या वजनात १० टक्क्यांच्या आसपास फरक पडला की उपचारांचा फेरविचार आणि गरजेप्रमाणे पुन्हा स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतल्या श्वासाची चाचणी, हा निद्राविकार क्षेत्रातला जुना दंडक आहे. अमेरिकेच्या निद्राविकार अकादमीच्या २००५ च्या मार्गदर्शक नियमांतही हेच प्रमाण उदाहरणादाखल दिलेले होते. माझ्या छातीविकारतज्ज्ञांनी मात्र वजन उतरत असताना केवळ ऑटोवर ठेवून दाबाचा पल्ला बदलत नेला आणि निर्णायक चाचणी वजन तीन महिने स्थिर राहिल्यावरच केली, कारण चालत्या गाडीचे माप घेण्यात अर्थ नव्हता.

चाचणी घरी झाली आणि, डॉक्टरांच्या सांगण्यावरून, यंत्र काही रात्री बंद ठेवून झाली. घरच्या चाचणीची एक मर्यादा ध्यानात ठेवावी: साध्या उपकरणाला आपण झोपलो की जागे आहोत हे कळत नाही, ते एकूण नोंदणीच्या तासांनी भागाकार करते. दोन तास तळमळत पडलात तर आकडा खोटाच कमी येतो. म्हणून किती वाजता झोप लागली आणि कितीदा उठलो हे अंदाजाने का होईना लिहून द्यावे. दुसरी बाब झोपण्याच्या बाजूची. माझा एकूण आकडा १३ आला आणि मी सौम्य गटात आल्याचा आनंद झाला. पण अहवालाच्या आतल्या पानावर साडेसहा तासांपैकी अडीच तास पाठीवर आणि चार तास कुशीवर अशी फोड होती, आणि पाठीवरचा आकडा २६ तर कुशीवरचा केवळ ५ होता. रात्रभर उताणा झोपलो असतो तर तोच मी मध्यम गटात, तीव्रच्या काठावर गणला गेलो असतो. फक्त पहिल्या पानावरचा आकडा वाचून अहवाल बंद करू नये.

आकडा सौम्य आला म्हणजे पुढे काय, याचे उत्तर दिवसाची झोप, रक्तदाब, हृदयाची स्थिती आणि रात्री ऑक्सिजन किती खाली जातो यांवर ठरते. कोणाला कुशीवर झोपण्याची सवय पुरते, कोणाला जबडा पुढे धरणारे दंतवैद्याकडचे साधन चालते, कोणाचे यंत्र कायम राहते. माझा रक्तदाब अजून गोळीवर असल्याने यंत्र राहिले, पण दाबाचा पल्ला ५ ते ९ असा झाला. जोडीला पत्नीने जुन्या बनियनच्या पाठीवर खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू घालून दिला. उपाय हास्यास्पद दिसतो, परंतु उताणे झाले की तो जागचे हलवतो. रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांची मात्राही याच भेटीत तपासून घ्यावी. वजन उतरल्यावर जुन्या मात्रेने चक्कर येऊ शकते आणि तो थकवा आपण उगाच झोपेच्या खात्यावर मांडतो.

सध्या लहान मापाची गादी आहे, वेल्क्रो नव्या खुणेवर आहे, ९५ टक्क्यांचा दाब ७.४ आणि एएचआय २ च्या आत आहे; म्हणजे होता. संक्रांत आणि मागोमाग घरातले लग्न यांत वजन दोन किलोंनी वाढले, आणि गेल्या पंधरवड्यात दाब ८.२ वर चढलेला दिसतो. सलग आठवडाभर तो ९ ला टेकला तर डॉक्टरांना फोन करायचा, असे वहीच्या चालू पानावर वरच लिहून ठेवले आहे. आणि मध्यम मापाची जुनी गादी धुऊन, कोरडी करून कपाटात जपून ठेवली आहे.